बारा फूट

रात्री साडेदहाला पलंगावर पंचा अंथरला आणि त्यावर तीन लेन्स ओळीने मांडल्या. सकाळी सहाला गाडी येणार होती. डोंबिवलीहून खोपोली, इमॅजिका. आई, बहीण, मेहुणे, भाची, भाचा आणि मी. बाकी सगळ्यांच्या बॅगा भरून झाल्या होत्या. जादाचे कपडे, टॉवेल, आईच्या बीपीच्या गोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. माझंच घोडं अडलं होतं. बहीण दारात आली, पंचाकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, स्थळं बघायला बसलीस का?"

जवळजवळ तसंच होतं. पहिली १८-१४०. सर्वगुणसंपन्न, अंगानं भरलेली, वजन ४९० ग्रॅम. रुंद दृश्य घेते, लांबचंही ओढते, कोणाशीही जमवून घेते. अंधार पडला की मात्र चाचपडते. दुसरी ५५-२००. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा कावळा आपल्या खिडकीत आणून बसवणारी. तिसरी ३५ मिलिमीटर, एफ १.८, जेमतेम २०० ग्रॅम, बोरा बाजारातून सेकंडहँड घेतलेली. हिला झूम नाही, काही नाही. जवळून हवं असेल तर जवळ जा, जास्त माणसं मावायला हवी असतील तर मागे सर. सगळी कामं पायांना लावणारी लेन्स.

एकच न्यायची, एवढं पक्कं होतं. मागच्या खेपेला, चार वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका पार्कात मी दोन्ही झूम घेऊन गेले होते. दिवसभर बॅगेची चेन उघड, मागचं झाकण दातात धर, एक लेन्स काखेत दाब, दुसरी फिरवून बसव. तोवर पाळणा थांबलेला, मुलं उतरून पुढच्या रांगेत. त्यात भर वाऱ्यात लेन्स बदलताना धुळीचा एक कण आत जाऊन सेन्सरवर बसला, आणि त्या दिवशीच्या प्रत्येक आभाळात उजवीकडे वर एक काळा ठिपका आला. बहिणीला ती घार वाटली. सव्वीस फोटोंत एकाच जागी तरंगणारी घार.

ठिपके पुसता येतात, पुसलेही. दुखणं वेगळंच होतं. फोटो तसे छान होते. भाची कुल्फी चाटते आहे आणि तिच्यामागचं सगळं लोण्यासारखं विरघळलं आहे. मेहुणे तोंड उघडून हसताहेत, बहीण केस बांधते आहे. कोणाचंही कॅमेऱ्याकडे लक्ष नाही, म्हणजे फोटोग्राफरच्या दृष्टीने सोनंच. घरी टीव्हीवर लावून दाखवले तर आई म्हणाली, "छान आलेत गं. पण तू होतीस कुठे? दिवसभर मला दिसलीच नाहीस."

मला वाटलं, मी फोटोंत नाही असं म्हणतेय. ती दिवसाबद्दल बोलत होती.

मग एकदा वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब मांडला. अगदी शाळेतलं त्रैराशिक आहे. समोरचा माणूस सेन्सरवर जितक्या पटीने लहान होतो, लेन्सवर लिहिलेल्या आकड्याच्या साधारण तितक्या पट लांब तुम्ही उभे असता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी म्हणतात तो; त्याची उंची १५.६ मिलिमीटर. आई सव्वापाच फूट, म्हणजे १६०० मिलिमीटर. आडव्या चौकटीत ती डोक्यापासून चपलांपर्यंत बसवायची तर शंभराहून थोडी जास्त पट लहान व्हायला हवी. २००च्या लेन्सने हे करायचं तर मी तिच्यापासून साडेवीस मीटरवर, सदुसष्ट फुटांवर. ३५ने करायचं तर साडेतीन मीटरच्या जरा पुढे, बारा फुटांवर. कमरेपर्यंतच हवी असेल तर सहा फूट.

सदुसष्ट फुटांवरून हाक मारावी लागते. बारा फुटांवरून बोलता येतं. सहा फुटांवर आलं की आई डबा पुढे करून म्हणते, घे एक.

लेन्सची दुकानं आणि यूट्यूबवरचे गुरुजी हे अंतर सांगत नाहीत. ते कोन सांगतात, मागचं किती विरघळतं ते सांगतात, कडा किती धारदार येतात ते सांगतात. चेहरा बसका दिसणार की नाक फुगलेलं, तेही लेन्सच्याच माथी मारतात. खरं तर नाक फुगतं ते तुम्ही फार जवळ गेल्यामुळे. लेन्स फक्त तुम्हाला तिथवर जाऊ देते. आपण लेन्स निवडतो तेव्हा दिवसभर माणसांपासून किती अंतरावर उभं राहणार ते निवडत असतो, आणि तसं कोणी म्हणत नाही.

माझ्या ३५ला दीडने गुणलं की बावन्न होतात. म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स जेवढं दाखवते, तेवढंच ही माझ्या कॅमेऱ्यावर दाखवते. पन्नासचं कूळ मोठं. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो पन्नासची लेन्स अंगावरच घेऊन, बदलायची सोय नसलेली. कार्तिए-ब्रेसाँनी आयुष्यातलं बहुतेक काम पन्नासवर केलं. आपल्याकडे होमाई व्यारावाला साडी नेसून, रोलायफ्लेक्स गळ्यात घालून पंतप्रधानांच्या मागेपुढे धावल्या. त्या रोलायफ्लेक्सचीही लेन्स निघत नसे. या थोरांच्या यादीत मला स्वतःला घुसवायचं नाही. बऱ्याचदा दुसरा पर्यायच नव्हता, आणि ज्याला पर्याय नसतो तो रात्री साडेदहाला पंचा अंथरून बसत नाही.

बाबांनाही नव्हता. १९९३च्या मे महिन्यात ते आम्हाला एस्सेलवर्ल्डला घेऊन गेले होते. एस्सेलवर्ल्ड तेव्हा चार वर्षांचं होतं आणि शाळेत जो जाऊन आला त्याची कॉलर ताठ. बोरिवलीला उतरून गोराईची जेटी, तिथून लाँच. बाबांच्या गळ्यात याशिका एमएफ-२, ३८ मिलिमीटरची अंगावरची लेन्स, आत छत्तीसचा रोल. बाबा आम्हाला उभं करायचे आणि स्वतः मागे मागे जायचे. "थांबा, पाय कापले जाताहेत," म्हणत आणखी दोन पावलं मागे. एकदा असेच मागे जाता जाता कुंडीवर बसले. दुपारी तीनला त्यांनी कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला, बत्तीस. ते म्हणाले, "आता चारच उरलेत. ते लाँचवर काढू. आता नुसतं बघा."

आणि आम्ही तीन तास नुसतं बघितलं. त्या तीन तासांचा एकही फोटो नाही. बाबा आमच्याबरोबर पाळण्यात बसले ते याच तीन तासांत, कारण हात मोकळे होते. तोच त्रैराशिकाचा हिशोब त्यांच्या याशिकाला लावला तर सव्वाआठ फूट येतात. माझ्या बारा फुटांपेक्षाही ते जवळ होते.

पंचावरच्या दोन लेन्स मी कपाटात ठेवल्या. ३५ कॅमेऱ्याला लावली, भिंगावरून ब्लोअर फिरवला, आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी घडी करून खिशात घातली. ऑगस्ट होता, खोपोली होती. छत्रीपेक्षा पिशवी कामाची. अर्धवट झोपलेला भाचा अंथरुणातून म्हणाला, "मावशी, मोबाइल आहे ना? त्यात तीन लेन्स आहेत." खरं आहे त्याचं. मोबाइलशी भांडायचं माझं वय गेलं. उजेड चांगला असेल तर त्याचे फोटो माझ्याहून बरे येतात, आणि लगेच ग्रुपवर पडतात. पण त्या तीन लेन्समुळेच मला तो नको होता. बोटाने चिमटा काढला की माणूस जवळ येतो, आणि आपण जागचे हलत नाही.

आधी महडचा वरदविनायक, ही आईची अट होती. इमॅजिकाला जायचं ते खोपोली-पाली रस्त्यावरून. त्याच रस्त्याच्या शेवटी पालीचा बल्लाळेश्वर. "दोन्हीही होतील," असं आई निघाल्यापासूनच म्हणून बघत होती. मेहुण्यांनी महडवर तह केला. डोंगरांवरून पाणी उतरत होतं, एकेका कड्यावर पाच-सहा पांढऱ्या रेघा. १८-१४० असती तर गाडी थांबवायला लावली असती.

पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून गाडीची डिकी वर केली आणि तिच्या छपराखाली, रिमझिम पावसात, सहा जणांनी उभ्याने पुऱ्या संपवल्या. शेजारच्या गाडीचीही डिकी उघडी, त्यांचे ठेपले. डब्यांची देवाणघेवाण झाली. इथे पहिला फोटो निघाला. मी मागच्या गाडीला पाठ लावून उभी होते, तरी भाचीचा कोपर आणि मेहुण्यांचं अर्धं पोट चौकटीबाहेर राहिलं. ३५चा हा स्वभावच आहे, सगळं कधीच मावत नाही. आईचा हात मात्र मधोमध आला, पुरी धरलेला, दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाकडे.

आत गेल्यावर पहिल्याच चौकात लक्षात आलं की हा सगळा नाटकाचा पडदा आहे. हे काही वाईट अर्थाने म्हणत नाही. इमॅजिका उभारली मनमोहन शेट्टींनी, २०१३ साली. त्याआधी १९७८पासून त्यांची ॲडलॅब्स, म्हणजे सिनेमाची रिळं धुण्याची लॅब. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या चौकटी धुतल्या त्यांनी पुढे चौकटीत उभं राहायची जागाच बांधली, हे मला फार आवडतं. वॉल्ट डिस्नेही मूळचा सिनेमावालाच. १९५५मध्ये उघडलेल्या त्याच्या डिस्नेलँडमध्ये मेन स्ट्रीटवरच्या घरांचे वरचे मजले खालच्यांपेक्षा मुद्दाम लहान बांधले आहेत, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला ती उंच वाटावीत. तिथला किल्ला प्रत्यक्षात ७७ फूट, आमच्या शेजारच्या सात मजली सोसायटीएवढा. आणि फोटो कुठून काढायचा हे सांगणाऱ्या कोडॅकच्या पाट्या तिथे कितीतरी वर्षं लागलेल्या असत. इथे उभे राहा, असा फोटो काढा. अशा पार्कात तुमच्या डोळ्यांची जागा आधीच कोणीतरी ठरवलेली असते.

झूम लावली की आपण त्या ठरवणाऱ्याच्या बाजूचे होतो. कमानीवरची नक्षी हवी तेवढी ओढून घेता येते, खालची कचरापेटी गळते, रांगेचे लोखंडी कठडे गळतात, पिवळे रेनकोट घातलेलं औरंगाबादचं किंवा सोलापूरचं अख्खं कुटुंब गळतं. ३५ काहीच गाळत नाही. बारा फुटांवर उभं राहिलं की माझी माणसं येतात, आणि त्यांच्या बाजूने कमानीचा एक पाय, कचरापेटी, सोलापूरकर, सगळं येतं. सुरुवातीला मी वैतागले. तासाभराने सोलापूरकरांनी ओळखीचं हसायला सुरुवात केली.

राजासॉरस नावाच्या पाण्याच्या राइडवर लेन्सची पहिली परीक्षा झाली. हे नाव खरं आहे बरं का. गुजरातेत सापडलेल्या डायनासोरचं, राजासॉरस नर्मदेन्सिस, २००३मध्ये ठेवलेलं. भाचीने ही माहिती रांगेत मागच्या-पुढच्या सगळ्यांना दिली. होडी वरून खाली आदळते तिथे कठड्याशी मी पिशवीत कॅमेरा घालून, पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून उभी राहिले. होडी आली, पाणी उडालं, बटण दाबलं. फोटोत पाण्याची एक भिंत आहे, तिच्यामागे होडी असावी. चाळीस फूट मागे थांबून लांबच्या लेन्सने टिपला असता तर चेहरे मिळाले असते. मला मिळालं ते म्हणजे तोंडात गेलेलं पाणी, आणि तेवढ्यात शेजारी कोणीतरी म्हणालं, "ताई, कॅमेरा वाचला का?"

त्यानंतरची परीक्षा वाफेची. मिस्टर इंडियाच्या खेळात एसीच्या गारव्यात अर्धा तास बसलो आणि दमट हवेत बाहेर आलो, तर लेन्सवर धुकं. पुसलं, पुन्हा आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा. चष्मेवाल्यांना हे ठाऊक आहे. गार भिंगावर बाहेरची वाफ बसतच राहते. पुसण्यात अर्थ नाही, भिंग कोमट होईपर्यंत थांबायचं. दहा मिनिटं मी नुसती उभी. नुसतं बघा, असं कोणी म्हणालं नाही, पण झालं ते तेच.

आतल्या अंधारात मात्र ३५ने पैसे वसूल केले. एफ ५.६ आणि एफ १.८ यांत उजेडाचा फरक साधारण दहा पटींचा. जिथे मोठ्या झूमला सेकंदाचा दहावा भाग उघडं राहावं लागेल आणि हललेली भुतं मिळतील, तिथे हिला शंभरावा भाग पुरतो. रांगेतल्या निळ्या दिव्याखाली भाची बापाच्या दंडाला धरून उभी आहे, घाबरलेली आणि ते लपवणारी. दंडावर रुतलेली तिची चार नखं मोजता येतात.

मग नायट्रो. स्विस कंपनीने बांधलेला रोलर कोस्टर, पायाखाली फळी नाही, पाच वेळा उलटा करतो. त्याच्या दाराशी उंची मोजायची पट्टी. भाचा गेले तीन महिने हिच्याविषयीच बोलत होता. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने दर रविवारी रेघ मारत होता. तो पट्टीखाली उभा राहिला. केस बोटांनी वर उभे केले. मान ताणली, टाचा हळूच उचलल्या. पट्टीवाला मुलगा विशीतला असेल, तो गुडघ्यावर बसला, त्याच्या पायांकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा, टाचा." टाचा खाली आल्या. पट्टी आणि केसांच्या मधे माझ्या अंगठ्याएवढी फट पडली.

मी सहा फुटांवर होते. डोळ्याला कॅमेरा होता. त्या मुलाने भाच्याच्या खांद्यावर ठेवलेला हात चौकटीत होता, फोकस बसला होता. आणि भाच्याने सरळ माझ्याकडे बघितलं. सदुसष्ट फुटांवर असते तर हा फोटो मी काढला असता, आणि तो फार चांगला निघाला असता. सहा फुटांवरून नाही काढता आला. कॅमेरा खाली गेला. ही लेन्सची उणीव म्हणून लिहावी की आणखी काही, माझं अजून ठरत नाही.

बाकी लोक वर गेले. खालून मी प्रयत्न केला. ताशी शंभरच्या आसपास धावणारी गाडी सेकंदाच्या १/१२५ भागात बावीस सेंटिमीटर पुढे सरकते, आणि माणसाचा चेहरा पंधराएक सेंटिमीटर रुंद. म्हणजे चेहरा स्वतःच्या बाहेर निघून जातो. १/१००० लावला तर अवघा तीनेक सेंटिमीटर सरकतो, तेवढं चालून जातं. तसा लावला, आणि स्पष्ट फोटो आला. त्यात मोठं करडं आभाळ, निम्मी चौकट व्यापणारा लोखंडी सांगाडा, आणि त्यावर मोहरीएवढी बहीण. हार आहे ही, सरळ हार. ज्याला कोस्टरवरचे चेहरे हवेत त्याने लांबची लेन्स आणावी, दुसरं काही ऐकू नये. किंवा बाहेर पडताना काउंटरवरून फोटो विकत घ्यावा. बहुतेक पार्कांत वळणावर एक कॅमेरा खांबाला जखडलेला असतो. एकच लेन्स, एकच जागा, दिवसभर ओरडणारी तोंडं.

वळून आईला शोधलं. ती नायट्रोच्या दारासमोर, पत्र्याच्या छपराखालच्या बाकावर होती. सकाळपासून तिथेच होती म्हणायला हरकत नाही. बाक बदलत होते, बसणं तेच. कोस्टरवर सुट्या वस्तू नेता येत नाहीत. लॉकर असतात, पण लॉकरला पैसे पडतात आणि आईला पडत नाहीत. डाव्या बाजूला चार बॅगा, पायाशी ओल्या चपला-बुटांचे पाच जोड, कारण पुढच्या पाण्यासाठी सगळे सँडलवर आले होते. मांडीवर पदर पसरलेला आणि पदरात चष्मे. बहिणीचा, भाचीचा, मेहुण्यांचा नंबरचा. शिवाय एक लाल काड्यांचा आणि एक मोठा गोल काचांचा, जे मी कधी पाहिले नव्हते.

"हे कोणाचे?"

"रांगेत जाता जाता एक मुलगी म्हणाली, मावशी जरा धरता का. तिचं बघून दुसरी आली."

"आणि परत आल्यावर ओळखणार कसं? त्यांना दिसणारच नाही."

"मी ओळखीन ना," आई म्हणाली. "मला दिसतंय."

तिच्या शेजारी, तिच्याकडे पाठ करून, भाचा. त्याने बापाचा काळा गॉगल घातला होता. ऊन नव्हतं.

मी बाकासमोर पायरीवर बसले. अंतर मोजलं नाही, पण चौकटीत दोघं कमरेपर्यंत बसत होती, म्हणजे सहाच्या आसपास. एफ २. पदरातल्या काचांवर छपराच्या कडेचा पांढरा उजेड पडला होता आणि प्रत्येक काचेत तो वेगळा दिसत होता. जाड काचेत आखडलेला, गोल काचेत पसरलेला. आईने विचारलं, "माझा काय काढतेस? वरती बघ ना, ते उलटे झाले." मी काढत राहिले. अकरा फोटो. तिसऱ्या की चौथ्या फोटोत ती भाच्याच्या पाठीवर हात ठेवते, सहाव्यात तो हात झटकतो, आठव्यात त्याची पाठ तिच्या दंडाला टेकलेली आहे.

सगळे खाली आले, थरथरत, हसत. दोन्ही अनोळखी मुली आल्या. आईने लाल लालवालीला आणि गोल गोलवालीला बरोबर दिला. भाचीला लगेच पुन्हा जायचं होतं, मेहुणे तयार, बहीणही. "ताई, चल की," बहीण म्हणाली. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. हे माझं नेहमीचं उत्तर, गेली वीस वर्षं.

आईने हात पुढे केला. "दे इकडे. एवढे चष्मे सांभाळले, त्यात हा एक."

मी पट्टा गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातला. "कुठलं दाबायचं?" तिने विचारलं. दाखवलं. "आणि चष्मा?" तोही दिला. माझा नंबर उणे पाच. बाक, आई, भाचा, सगळे एका फटक्यात लोण्यात गेले.

वर काय झालं ते सांगण्यासारखं नाही. मला काही दिसलं नाही. हिरवं खाली होतं, मग वर आलं, मग बाजूला. भाची माझ्या कानाशी ओरडत होती आणि थोड्या वेळाने कळलं की मीही ओरडते आहे.

त्या दिवसाचे एकूण २१४ फोटो. त्यातला एक आईने काढलेला, वाकडा. डावीकडची निम्मी चौकट भाच्याच्या कानाने भरली आहे. कॅमेऱ्याने फोकस तिथेच बसवला, त्यामुळे कानामागचा तीळ आणि गॉगलच्या काडीवरचा स्क्रू टाचणीच्या टोकाइतके स्पष्ट आहेत. मागे बाहेर पडायच्या पायऱ्या आहेत आणि त्यांवर चार रंगीत डाग उतरताना. निळा डाग मी. माझा एक हात वर आहे. आईला वाटलं, मी फोटोसाठी हात हलवतेय. मला ती कुठे बसली आहे तेच दिसत नव्हतं. मी तिला हाक मारत होते.